हजेरीपटात न मावणारी मुलं

मार्च २०२४ च्या दहावीच्या परीक्षेसाठी महाराष्ट्रात १६,०९,४४५ विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती. राज्य मंडळाने नेहमीप्रमाणे मुलगे किती, मुली किती हे जाहीर केलं आणि त्यांच्याखाली आणखी एक आकडा दिला: तृतीयपंथी ५६. पुढच्या वर्षी एकूण नोंदणी वाढून १६,११,६१० झाली, पण तो खालचा आकडा १९ वर आला. छप्पन्नातल्या काही खुणा अर्ज भरताना चुकून झालेल्या असतील, हे अर्ज भरणाऱ्या कुठल्याही कारकुनाला पटेल. तरीही सोळा लाखांत एकोणीस या आकड्यातून एवढंच कळतं, की तिसऱ्या रकान्यात खूण करणं किती जणांना परवडलं. मुलं किती आहेत, हे त्यातून कळत नाही.

मुलं किती, याचा एक जुना अंदाज उपलब्ध आहे. २०११ च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष यांच्याबरोबर ‘इतर’ अशी नोंद पहिल्यांदाच झाली. देशभरात ४,८७,८०३ जण त्या नोंदीत आले, त्यांतले ४०,८९१ महाराष्ट्रातले. या समूहाची साक्षरता ५६ टक्क्यांच्या आसपास होती, तर देशाची सरासरी सत्तरीच्या पुढे. या सगळ्यात सर्वांत कमी चर्चा झालेला आकडा आहे ५४,८५४. ही शून्य ते सहा वयोगटातली मुलं होती. प्रगणक दारात आला तेव्हा या मुलांची ही नोंद घरातल्या कुणीतरी मोठ्याने सांगितली असणार. काही बाळं जन्मतः शरीराच्या घडणीतच वेगळी, म्हणजे इंटरसेक्स, असतील, काही नोंदी चुकीच्या असतील. पण ती पिढी आज दहावी-बारावीच्या किंवा त्यापुढच्या वयाची आहे, आणि शाळेच्या कागदपत्रांत तिचा ठावठिकाणा लागत नाही.

प्रस्तुत पुस्तक या हरवलेल्या मुलांविषयी आहे. तृतीयपंथीयांबद्दल मराठीत लिहिलं गेलं नाही असं नाही. लिहिलं गेलं ते मोठ्यांबद्दल: सिग्नलवर टाळी वाजवणारे, बारशाला ओवाळणी मागणारे, अलीकडे निवडणूक लढवणारे किंवा पोलीस भरतीसाठी कोर्टात जाणारे. ही माणसंही एकेकाळी तिसरीत होती, त्यांच्याही दप्तरात बालभारतीचं पुस्तक होतं, हा विचार आपल्याकडे फारसा कुणी केला नाही. समाजाने नाही, सरकारने तर त्याहून नाही.

सरकारी दृष्टीचा इतिहास मराठवाड्यापुरता तरी सांगण्याजोगा आहे. लॉरेन्स प्रेस्टन या इतिहास-अभ्यासकाने १९८७ मध्ये दाखवून दिलं, की दख्खनमध्ये हिजड्यांना पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी दिलेले छोटे वंशपरंपरागत हक्क होते आणि एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारने ते हळूहळू बंद केले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात ब्रिटिशांनी एक स्वतंत्र भागच त्यांच्यावर लिहिला. मराठवाड्यातलं बीड मात्र तेव्हा इंग्रजांच्या अमलाखाली नव्हतं, ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्या संस्थानाने १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ च्या सुमारास, इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर स्वतःचा कायदा केला. हिजड्यांची नोंदवही ठेवायची, बायकी कपड्यांत किंवा दागिन्यांत सार्वजनिक ठिकाणी दिसले वा नाचगाणं करताना सापडले तर वॉरंटाशिवाय पकडायचं, आणि सोळा वर्षांखालचा मुलगा जवळ आढळला तर शिक्षा करायची, असा त्याचा आशय. बीड जिल्हा १९५६ मध्ये त्या राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. तेलंगणात हा कायदा कागदावर तसाच राहिला. तिथल्या उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला, तेव्हा शंभर वर्षं उलटून गेली होती.

सोळा वर्षांखालच्या मुलाचं ते कलम पुन्हा वाचून पाहण्यासारखं आहे. कायद्याच्या नजरेत मूल म्हणजे पळवलं जाणारं मूल. घरात मार खाऊन, शाळेत चिडवणं असह्य होऊन ते स्वतःच्या पायांनी हिजड्यांच्या गुरूच्या दारात जाऊ शकतं, ही शक्यता कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आलीच नाही. आजही पोरं पळवणारे म्हणून अफवा पसरते तेव्हा गावातून आधी कुणाला हाकललं जातं, हे सांगायला नको.

आता पुस्तकाच्या वाचकाकडे वळू, म्हणजे नेकनूरकडे. बीड तालुक्यातलं, मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे मोठं बाजाराचं गाव. वारकऱ्यांना ते बंकटस्वामींमुळे माहीत आहे. आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरची मुलं शिकायला अशा गावांत येतात. या पुस्तकाचा मनातला वाचक पुण्या-मुंबईच्या समुपदेशकापेक्षा अशा गावातला शिक्षक आहे. त्याच्या शाळेत समुपदेशक नसतो. मुलांच्या मनातलं ऐकणं, मुतारीची कुलपं, पोषण आहाराची नोंद, सगळं त्याच्याकडेच असतं. अशा शिक्षकाला ‘सर्वसमावेशकता’ हा शब्द प्रशिक्षणात ऐकायला मिळतो आणि चहाबरोबर संपतो.

बीडमध्ये मुलगा आणि मुलगी यांच्यातली रेघ इतर ठिकाणांपेक्षा जरा जास्तच ठळक आखलेली आहे. २०११ मध्ये सहा वर्षांखालच्या मुलांत दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली, हे राज्यातलं सर्वांत वाईट प्रमाण याच जिल्ह्याचं होतं. दुसरं कारण पोटाचं. ऊसतोडीच्या हिशेबात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला, एकट्या माणसाचा हिशेब अर्धा कोयता. दिवाळीच्या मागेपुढे टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. शाळकरी मुलं तेवढे महिने आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात, नाहीतर उसाच्या फडातच. पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न लावून देण्यामागे अब्रू असते, परंपरा असते, आणि कोयता पुरा करण्याचं साधं गणितही असतं. मुलगी म्हणून वाढलेलं पण आतून मुलगा असलेलं मूल या गणितात कुठे बसवायचं? त्याचं लग्न लागतं आणि विषय संपतो. ते ‘पळून’ जात नाही, गुरूच्या डेऱ्यावर त्याला जागा नसते, वर्तमानपत्रात त्याची बातमी येत नाही. अशा पारलिंगी पुरुषांविषयी मराठीत इतकं कमी का लिहिलं गेलं, त्याचं एक उत्तर बहुधा इथे आहे.

जिल्ह्यातलं एक नाव मात्र देशभर पोहोचलं. माजलगाव तालुक्यातले ललित साळवे पोलीस दलात महिला शिपाई म्हणून भरती झाले होते. २०१७ मध्ये त्यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. नियमात बसत नाही म्हणून आधी नकार आला, प्रकरण उच्च न्यायालयात आणि मग मुख्यमंत्र्यांपर्यंत गेलं. मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि नोकरीही टिकली. त्यांच्या तपासण्यांत वाय गुणसूत्र आढळलं होतं, त्यामुळे त्यांची कथा सरसकट ‘ट्रान्सजेंडर’ या खणात टाकणं बरोबर नाही. शरीराच्या घडणीतलं वेगळेपण आणि मनाला जाणवणारी ओळख या दोन गोष्टी आहेत, कधी एकत्र येतात, कधी येत नाहीत. बातम्यांनी शस्त्रक्रियेचे टप्पे बारकाईने लिहिले, लग्नाचे फोटोही छापले. शाळेतल्या वर्षांबद्दल त्या मानाने फार थोडं विचारलं गेलं.

नव्या वाचकासाठी या क्षेत्राचा नकाशा इथे ढोबळ मानाने मांडायला हवा. ट्रान्सजेंडर किंवा पारलिंगी म्हणजे जन्माच्या वेळी ठरवलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारी ओळख जुळत नाही अशी व्यक्ती. नॉन-बायनरी म्हणजे स्वतःला पूर्णपणे स्त्री किंवा पूर्णपणे पुरुष न मानणारी. हिजडा, किन्नर, जोगता या ओळखी त्याहून वेगळ्या: त्यांना गुरू-चेल्यांची, घराण्यांची किंवा देवीला वाहिलं जाण्याची सामाजिक चौकट आहे. आणि कुणाचं आकर्षण कुणाकडे, हा प्रश्न या सगळ्यांपासून स्वतंत्र. हे एवढं जरी स्टाफरूममध्ये स्पष्ट झालं तरी निम्मा गोंधळ मिटेल.

मराठी साहित्याने हा विषय शाळेच्या फार आधी हाताळला. सतीश आळेकरांचं ‘बेगम बर्वे’, आनंद यादवांची ‘नटरंग’, राजन गवसांची जोगत्यांच्या आयुष्यावरची ‘भंडारभोग’ ही सहज आठवणारी नावं. गवसांच्या लेखनावर आधारलेला ‘जोगवा’ २००९ मध्ये पडद्यावर आला आणि गावोगाव पाहिला गेला. त्याही मागे बालगंधर्वांचा काळ आहे, भारुडातली सोंगं आहेत, विठ्ठलाला माऊली म्हणणारी वारकऱ्यांची सवय आहे. परंपरेत अशी उदाहरणं आहेत म्हणून आपला समाज मुळातच उदार होता, असं भाषणांत हमखास ऐकू येतं. हा युक्तिवाद जपून वापरावा. देवळात आणि रंगमंचावर जागा देणाऱ्या गावाने वर्गात जागा दिली होती, असा पुरावा नाही. बृहन्नडेची गोष्ट रंगवून सांगणारे गुरुजीच खालच्या बाकावरच्या पोराला ‘बायल्या’ म्हणताना दिसू शकतात.

ललित साहित्यापलीकडे माहितीचं लेखन पुण्यात उभं राहिलं. त्याची पायवाट र. धों. कर्व्यांनी घातली. १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवताना त्यांनी खटले सोसले. पुढे बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि ‘पार्टनर’, ‘इंद्रधनू’, पालकांच्या अनुभवांवरचं ‘मनाचिये गुंती’ अशी पुस्तकं एकामागून एक लिहिली. मराठीत या विषयाला परिभाषा मिळाली त्यात या एका माणसाच्या चिकाटीचा वाटा फार मोठा आहे, आणि त्याची दखल साहित्यविश्वाने जेवढी घ्यायला हवी होती तेवढी घेतली नाही.

मग आत्मकथनं आली. तमिळमध्ये ए. रेवती आणि लिव्हिंग स्माइल विद्या, बंगालमध्ये कॉलेजच्या प्राचार्य झालेल्या मानोबी बंद्योपाध्याय, आणि मराठीत वैशाली रोडे यांनी शब्दांकित केलेलं लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ (२०१२). दिशा पिंकी शेख यांच्या ‘कुरूप’ या संग्रहातल्या कवितेने या धारेला जातीचा आणि गरिबीचा संदर्भ दिला. या लेखनाचं मोल मोठं आहे, पण वाचताना एक भान ठेवावं लागतं. लिहू शकल्या त्या बहुतेक जणी कॉलेजपर्यंत पोहोचलेल्या. सातवीत गळालेल्या मुलाचं आत्मकथन आपल्यापर्यंत येत नाही.

पुढची धारा कायद्याची. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी ओळख मान्य केली आणि या समूहाला सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून शिक्षणात आरक्षण द्यावं असं सांगितलं. याचिकाकर्त्यांत आणि हस्तक्षेप करणाऱ्यांत महाराष्ट्रातल्या गौरी सावंत आणि लक्ष्मी त्रिपाठी होत्या. २०१९ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्यात शिक्षणसंस्थांना भेदभाव करायला बंदी, सर्वसमावेशक शिक्षण आणि खेळांच्या संधी देण्याचं बंधन, प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी अशा तरतुदी आल्या. त्याच कायद्यात अल्पवयीन मुलाच्या ओळखपत्रासाठी पालकांनीच जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा होता. म्हणजे ज्या घरात मुलाला सर्वांत जास्त भीती वाटते, त्याच घराची सही आधी हवी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुली आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांसाठी लिंगसमावेशक निधीची घोषणा केली. आरक्षण मात्र बहुतांश राज्यांत निकालपत्रातच राहिलं. या काळात न्यायालयांनी सरकारांपेक्षा अधिक काम केलं, असं म्हणायला हरकत नाही. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या तृतीयपंथी उमेदवार अंजली पाटील यांचा नाकारलेला उमेदवारी अर्ज महिला गटातून मान्य केला आणि त्या ग्रामपंचायतीत निवडून आल्या. बीडचे दावेही याच खंडपीठापुढे जातात. त्याच वर्षी जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. एन. आनंद वेंकटेश यांनी निकाल देण्याआधी हा विषय समजून घ्यायला स्वतः समुपदेशकाकडे बसण्याचं ठरवलं, आणि मग शाळा-कॉलेजांसह पोलीस, तुरुंग, डॉक्टर अशा सगळ्यांच्या प्रशिक्षणाचे निर्देश दिले. न्यायाधीशाने आपलं अज्ञान निकालपत्रात नोंदवून ठेवावं, हे आपल्याकडे विरळाच.

वैद्यकशास्त्राची बाजू थोडक्यात: जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणाने, जे जानेवारी २०२२ पासून लागू झालं, लिंगओळखीतली ही विसंगती मानसिक विकारांच्या यादीतून बाहेर काढली. ‘दुरुस्त’ करून घ्यायला मुलाला भगताकडे न्या की मानसोपचारतज्ज्ञाकडे, दोन्ही वाटा त्यामुळे सारख्याच चुकीच्या ठरतात.

शिक्षणाच्या धारेत मतभेद जास्त आहेत, आणि ते असावेत. पहिला वाद वेगळ्या शाळेचा. कोचीत डिसेंबर २०१६ च्या अखेरीस शाळा सोडाव्या लागलेल्या ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी ‘सहज इंटरनॅशनल’ उघडली, तिला सुरुवातीपासून जागा मिळवण्यापासून अडचणी आल्या. सुरक्षिततेसाठी वेगळी शाळा हवी म्हणणाऱ्यांचं दुःख खरं आहे, पण नेकनूरसारख्या गावात अशा एका मुलासाठी कोण शाळा काढणार? त्यामुळे हे पुस्तक दुसऱ्या बाजूचं आहे: आहे त्याच शाळेत, त्याच बाकावर. दुसरा वाद गणवेशाचा. केरळमध्ये बालुश्शेरीच्या सरकारी शाळेत २०२१ च्या डिसेंबरात सर्वांना पँट-शर्ट लागू झाला तेव्हा स्वागत झालं आणि मोर्चेही निघाले. मुलींना मुलग्यांचे कपडे घालणं म्हणजे समानता का, हा विरोधकांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पर्याय देणं आणि एकच कपडा सगळ्यांवर लादणं यांत फरक आहे.

तिसरा वाद सर्वांत बोलका. २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात एनसीईआरटीने तृतीयपंथी मुलांच्या शालेय समावेशावर शिक्षकांसाठी एक पुस्तिका संकेतस्थळावर ठेवली. ती लिहिणाऱ्यांत स्वतः ट्रान्सजेंडर असलेले अभ्यासकही होते. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने आक्षेप घेतला, त्यात समाईक स्वच्छतागृहं आणि यौवनरोधक औषधांच्या उल्लेखावर बोट ठेवलं, आणि काही दिवसांतच पुस्तिका दिसेनाशी झाली. २०२३ च्या सुरुवातीला नव्या समितीचा नवा मसुदा आला. औषधांचा मुद्दा शिक्षकांच्या पुस्तिकेत हवाच होता का, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. पण मजकूर दुरुस्त करण्याऐवजी सगळीच पुस्तिका काढून घेतल्यावर वर्गातल्या शिक्षकाच्या हातात काहीच उरलं नाही. महाराष्ट्राला हे नवं नाही: २००७ मध्ये विधिमंडळात गदारोळ झाल्यावर किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम राज्यातल्या शाळांत थांबवला गेला होता. त्या वर्षी दहावीत असलेली मुलं आज पालक आहेत, काही शिक्षकही.

मग पुस्तकांनी नेमकं काय साधतं? अमेरिकेतल्या बालसाहित्य-अभ्यासक रूडिन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये पुस्तकांना आरसे आणि खिडक्या म्हटलं: मुलाला त्यात स्वतः दिसावं आणि दुसऱ्याचं घरही दिसावं. भारतात ही जाण चित्रपुस्तकांतून आली. कनक शशी यांच्या ‘गुठली हॅज विंग्ज’मधली गुठली स्वतःला मुलगी समजते, घरचे तिला मुलगा म्हणतात, फ्रॉकवरून रुसवा होतो आणि आई हळूहळू समजून घेते. भाषण नाही, व्याख्या नाही. रिचा झा यांच्या ‘द अनबॉय बॉय’मधला मुलगा तर फक्त हळवा आहे, आणि तेवढ्यावरून त्याला चिडवलं जातं. वर्गात सुरुवात करायला असं पुस्तक अधिक सोपं, कारण त्यातला त्रास प्रत्येक मुलाच्या ओळखीचा असतो. मराठीत सरळ या विषयावरची बालपुस्तकं बोटांवर मोजण्याइतकीसुद्धा भरत नाहीत. तरी वाट बंद नाही. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात घरकामाची चित्रं बदलली, भाजी निवडताना आई आणि बाबा दोघं दिसू लागले, तेव्हा कुठलंही आभाळ कोसळलं नाही. चित्रातली बाई वाहतूक पोलीस झाली हे मुलांनी सहज स्वीकारलं, चर्चा झाली ती मोठ्यांच्यात.

परदेशांत या पुस्तकांवरून मोठ्या लढाया सुरू आहेत. ब्रिटनमध्ये १९८८ च्या ‘सेक्शन २८’ने शाळांत समलैंगिकतेला ‘प्रोत्साहन’ द्यायला बंदी घातली, ती इंग्लंडमध्ये २००३ पर्यंत टिकली. शिक्षकांनी शिक्षेच्या धास्तीने चिडवाचिडवी थांबवणंही टाळलं, असं त्या काळातून गेलेले अनेक जण सांगतात. अमेरिकेत माया कोबाबे यांचं नॉन-बायनरी ओळखीवरचं चित्ररूप आत्मकथन ‘जेंडर क्विअर’ ग्रंथालय संघटनेच्या आक्षेप घेतलेल्या पुस्तकांच्या यादीत सलग तीन वर्षं पहिलं आलं, आणि जून २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा गोष्टींच्या तासाला मुलाला बाहेर ठेवण्याचा पालकांचा हक्क मान्य केला. ही भांडणं जशीच्या तशी उचलून आणण्याची गरज नाही. तिथे ग्रंथपाल पुस्तक काढून टाकतो, इथे अनेक शाळांत पुस्तकं कपाटात कुलूपबंद असतात, मग ती कुठल्याही विषयावरची असोत.

पालकांच्या शंका मात्र इथेही खऱ्या आहेत आणि त्यांना मागासलेपणा म्हणून झटकता येत नाही. वाचून मूल ‘तसं’ होईल का, ही पहिली शंका. तसं होत असतं तर पिढ्यानपिढ्या फक्त राजकुमार-राजकन्यांच्या गोष्टी वाचून एकही मूल वेगळं निघालं नसतं. लोक काय म्हणतील, ही दुसरी, आणि खरं तर मुख्य. तिला पुस्तकाकडे उत्तर नाही. तिला उत्तर आहे ते दुसऱ्या पालकाकडे, आणि म्हणून या संग्रहात पालकांचा आवाज शिक्षकांइतकाच मोठा आहे.

हे सगळं आत्ताच का? कारण चिडवणं आता शाळेच्या फाटकाशी संपत नाही. फोन घराघरांत आहेत, मुलाच्या चालण्याची नक्कल रील होऊन संध्याकाळपर्यंत तीन गावांत फिरते. त्याच फोनवर तेच मूल स्वतःसारखी माणसंही शोधतं, चांगली आणि फसवणारीही. युनेस्कोने २०१९ मध्ये तमिळनाडूत केलेल्या अभ्यासात लैंगिक अल्पसंख्य तरुणांपैकी साठ टक्क्यांनी माध्यमिक वर्गांत शारीरिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि शाळेकडे तक्रार केलेले होते फक्त अठरा टक्के. महाराष्ट्रासाठी असा आकडा हाताशी नसताना शिक्षक वाट पाहत बसू शकत नाही.

हे पुस्तक तीन प्रकारच्या मजकुराची गुंफण करतं: मुलांना वाचून दाखवता येतील अशा गोष्टी, शिक्षकांनी आपापसांत वाचायचे लेख, आणि कागदपत्रांची व्यावहारिक माहिती. भाषा मुद्दाम साधी ठेवली आहे. मराठीत तर ‘मी आलो’ की ‘मी आले’ हे ठरवल्याशिवाय मुलाला उशीर का झाला तेही सांगता येत नाही. तिथे शिक्षकाने मूल जे क्रियापद वापरेल ते न टोकता ऐकून घ्यावं, एवढीच सूचना आहे. रांगा मुलगे-मुली अशा न करता पटक्रमांकाने करणं, लेझीम आणि कवायतीचे गट आवडीने निवडू देणं, एक स्वच्छतागृह दाराला कडी असलेलं आणि कुणालाही वापरता येईल असं ठेवणं, यांना शासन निर्णयाची गरज नाही. सगळ्यात जास्त पानं गेली आहेत ती ‘मुलाने विश्वासाने सांगितलं तर पुढे काय’ या प्रश्नावर, आणि त्यातलीही बरीचशी घरी कळवायचं की नाही यावर. बीडसारख्या जिल्ह्यात घरी गेलेली बातमी म्हणजे कधी कधी पुढच्या हंगामाआधी उरकलेलं लग्न. दुसरीकडे पालकांना सतत अंधारात ठेवूनही शाळा चालत नाही. संपादकांनी इथे एकच उत्तर दिलेलं नाही. वेगवेगळ्या प्रसंगांत शिक्षकांना काय करता येईल, हे मांडून त्यावर मतभेदही छापले आहेत.

काही गोष्टी या पुस्तकात नाहीत. शस्त्रक्रिया आणि संप्रेरकांची चर्चा नाही, तो डॉक्टरांचा प्रांत. आणि असं मूल कसं ओळखावं, याची लक्षणांची यादीही नाही, जरी प्रशिक्षणात पहिला प्रश्न बहुधा तोच येतो. नाजूक आवाजाचा मुलगा, केस कापलेली मुलगी, कबड्डी न आवडणारा किंवा फक्त कबड्डीच आवडणारी, यांतलं कोण काय आहे हे शोधून काढणं शिक्षकाचं काम नाही. यादी हाती आली की वर्गात ती लागू होणार, नावं कुजबुजली जाणार, आणि सगळ्यांत आधी लपणार तीच मुलं, ज्यांच्यासाठी पुस्तक काढलं. त्या जागी संपादकांनी चिडवणं थांबवण्याच्या पद्धतींवर एक लांब प्रकरण घातलं आहे, आणि ते संपूर्ण वर्गासाठी आहे.